मडकं धुवावं की नाही

आमचा भाचा लीड्सला असतो आणि घरी बिअर करतो. हे वाक्य रत्नागिरीत चारचौघांत उच्चारायला मला बराच काळ लागला. त्याच्या आईच्या मते तो 'काहीतरी आंबवण्याचे प्रयोग' करतो आणि हे वळण मामाकडून आलंय. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे नात्यात कुणाच्या घरी काही फसफसलं, नासलं, बुरसटलं की बोट माझ्याकडेच वळतं. मी स्वतः पीत नाही, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे, तीही पाळतो. तर या भाच्याने मला फोनवर विचारलं, "मामा, इंग्लिश पद्धतीची एल करायचीय. लिक्विड यीस्ट कुठलं घेऊ?"

यीस्ट म्हणजे साखर खाऊन दारू आणि वायू सोडणारी बुरशी. मग जे जास्त खाईल ते जास्त चांगलं, असं कुणाच्याही मनात येईल. एल या इंग्लिश बिअरच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. मोड आणून भट्टीत वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा यीस्टपुढे ठेवला की आधी ते ग्लुकोज संपवतं, मग माल्टोजकडे वळतं, आणि ग्लुकोजचे तीन रेणू जोडून झालेलं माल्टोट्रायोज सगळ्यांत शेवटी. इथे यीस्टची जात कळते. काही जाती ते फस्त करतात, काही अर्धवट टाकतात, आणि विंडसर नावाचं एक इंग्लिश यीस्ट तर त्याला शिवतही नाही. ही उष्टी राहिलेली साखर जिभेला फारशी गोड लागत नाही. पेय भरीव मात्र तिच्यामुळेच लागतं.

घनता मोजणारा हायड्रोमीटर काढ्यात सोडला आणि 1.050 हा आकडा आला असं धरू. सत्तर टक्के खाणारं यीस्ट तो आकडा 1.015 वर आणून थांबेल. दारू साडेचार टक्क्यांच्या जरा वर. ऐंशी टक्के खाणारं 1.010 पर्यंत जाईल, दारू सव्वापाच. पैसे वसूल करणारा माणूस म्हणेल, दुसरं द्या. पण तिथल्या पबमध्ये बिटर म्हणून जी एल मिळते तिची गंमतच अशी की दारू चार टक्क्यांच्या आतबाहेर, गप्पांच्या ओघात दोन-तीन ग्लास सहज व्हावेत, आणि तरी पेय पाणचट लागू नये. ते साधतं यीस्टच्या अर्धपोटी राहण्यामुळे. इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या जे यीस्ट सांभाळलं ते भुकेपेक्षा त्याच्या आवरतं घेण्यासाठी, असं माझं मत होत चाललंय.

हे आवरतं घेणं कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. यीस्टच्या पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, ती शेजारच्या पेशीच्या भिंतीवरची मॅनोज साखर पकडू शकतात. पण भोवतीच्या काढ्यात साखर आहे तोवर हे हात तिच्यातच गुंतलेले. साखर सरत आली की हात मोकळे होतात आणि पेशी एकमेकींना धरतात. त्यांच्या गाठी होतात, गाठी जड होतात, तळाला बसतात, आणि वरची एल कुणी न गाळता नितळ होते. या धराधरीला कॅल्शियम लागतं. इंग्लंडातल्या बर्टन गावचं पाणी जिप्समवाल्या खडकांतून येतं, त्यात कॅल्शियम भरपूर, आणि हिंदुस्थानात पिंपांतून येणारी पेल एल पुढे याच बर्टनमधून आली, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

मी लीड्सला गेलो होतो तेव्हा हे सगळं त्याच्या स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहिलं. लिक्विड यीस्ट मी त्याआधी फक्त ऐकलं होतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये वायईस्ट नावाची कंपनी 1986 मध्ये निघाली, सॅन डिएगोत व्हाइट लॅब्ज 1995 मध्ये. घरगुती बिअरवाल्यांना जिवंत, ओलं, एकाच जातीचं यीस्ट मिळू लागलं ते मुख्यतः या दोघांमुळे. वायईस्टच्या पुडीत आणखी एक छोटी पुडी असते, यीस्टच्या खुराकाची. पुडी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने चापट मारायची, आतली पुडी फुटते, आणि काही तासांत बाहेरची टम्म फुगते. फुगली म्हणजे आतले जिवंत आहेत. भाच्याने चापट मारायचा मान मला दिला. मी शिक्षक असल्याने हात सरावाचा होता.

दुसरी पुडी व्हाइट लॅब्जची, 002 क्रमांकाची. लंडनच्या चिझिकमधल्या फुलर्स ब्रुअरीचं यीस्ट ते हेच, असं सगळे बिअरवाले धरून चालतात. ते त्याने काचेच्या भांड्यात ओतलं आणि मी बघतच राहिलो. फुटलेल्या दुधासारखं दिसत होतं! नवखा माणूस नासलं म्हणून मोरीत ओतेल. ढवळलं की क्षणभर गढूळ, आणि हात थांबला की पुन्हा गाठी खाली. व्हाइट लॅब्जच्या माहितीपत्रकात ते 63 ते 70 टक्के साखर खातं असं लिहिलेलं असतं आणि त्याला 18 ते 20 अंश तापमान हवं असतं. इतकं संथ, इतकं समाधानी यीस्ट मी पाहिलं नव्हतं.

वीस लिटर एलला निदान शंभर अब्ज पेशी लागतात. पुडीत कारखान्यातून निघताना तेवढ्या असतात. फ्रीजमध्ये पडून पडून मरत जातात. म्हणून आधी लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्टची पूड उकळून, निववून, त्यात त्यांची संख्या वाढवून घ्यायची. भाच्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. मेथिलीन ब्लूचा एक थेंब, यीस्टचा एक थेंब, वर काचेचं झाकण. जिवंत पेशी त्या निळ्याचा रंग उडवते आणि पारदर्शक दिसते. मेलेली निळीच राहते. चारशे पट मोठ्या करून आम्ही दोघं आळीपाळीने बघत होतो. गोल गोल स्वच्छ पेशी, काहींच्या कडेला नुकतं फुटलेलं लेकरू, मध्येच एखादी निळी. सगळ्या एका वळणाच्या, एका आकाराच्या. दुसरं काहीही नाही. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण माझ्या डोळ्यांना सवय होती ती माडीची.

कॉलेजात किण्वनाचा धडा आला की मी मुलांना माडी दाखवत असे. रीतसर परवान्याच्या दुकानातून, बाटलीभर, प्रयोगशाळेसाठी; शिपाई ती आणताना जरा जास्तच उत्साह दाखवायचा. स्लाइड लावली की मुलं ओरडत, "सर, हलतंय!" यीस्टच्या गोल पेशी तर असतच, पण त्यांच्यामधून सुळकन इकडून तिकडे जाणारे आखूड दांडके जिवाणू, साखळी धरून बसलेले दुसरे जिवाणू, आणि कळतही नाहीत असे कितीतरी. माडीत यीस्टच्या बरोबरीने झायमोमोनास नावाचा जिवाणूही दारू करतो, लॅक्टिक आम्लवाले आंबटपणा आणतात, आणि थोड्या वेळाने अ‍ॅसिटिकवाले येऊन सगळ्याचा शिरका करायला घेतात. माडाचा रस झाडातून निघतो तेव्हा त्यात शेकडा बारा-पंधरा साखर असते आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. मडक्यात पडल्यापासून काही तासांत तो फसफसायला लागतो. दिवसभरात दारू चार-पाच टक्क्यांवर जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती माडी कुणाच्या कामाची राहत नाही, स्वयंपाकघर सोडून.

माडीत कुणी यीस्ट घालत नाही, असं आपण म्हणतो. ते पुरतं खरं नाही. आमच्याकडे भाट्याच्या खाडीच्या बाजूला माडी काढणारे एक तात्या होते. न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळायची, रोज हलक्या हाताने ठोकत राहायची, म्हणजे ती मऊ होते. मग टोकाला धारदार कोयतीने रोज पातळ काप घ्यायचा, आणि खाली मडकं अडकवायचं. सकाळ-संध्याकाळ चढायचं. हे सगळं ते भराभर सांगून टाकत. मडक्याविषयी मात्र सावकाश बोलत. मडकं लख्ख धुवून आत चुना फासला की रस गोडच राहतो, ती नीरा. मडकं नुसतं विसळलं तर आदल्या दिवशीचं थोडं आत राहतं, त्याच्यावर नवा रस पडतो आणि उतरवेपर्यंत माडी तयार. "आमचा मडका फार घासूचा नाय," ते म्हणत. "घासला तर माडीक चव येत नाय."

मला हे कळायला सूक्ष्मदर्शकाच्या बाजूचा माणूस असूनही वेळ लागला. मातीच्या मडक्याच्या रंध्रांत जे राहतं तेच उद्याचं यीस्ट. तात्यांच्या मडक्यात टिकलेलं ते शेजारच्या वाडीतल्या मडक्यातल्यापेक्षा वेगळं असणार, कारण मडकं कोण किती विसळतो, कुठे उपडं घालतो, उन्हात किती ठेवतो, यावर कोण जगणार ते ठरतं. निवड इथेही होत होती. यादीत बघून नव्हे, विसळण्याच्या हाताने. इंग्लंडातही बराच काळ तसंच होतं. एलवर फेस चढला की ब्रुअर पळीने तो काढून पुढच्या घाण्याला घालत. पहिला मळकट फेस टाकून द्यायचा, नंतरचा दाट घ्यायचा. उशिरा वर येणारं, आधीच बुडणारं, असं यीस्ट पळीत सापडत नसे, म्हणून पुढच्या वेळी नसे. कुणालाही यीस्ट हा जीव आहे हे माहीत नव्हतं, आणि तरी निवड चालूच होती.

2016 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी यीस्टच्या 157 जातींचे जनुकसंच वाचून प्रसिद्ध केले. बिअरचं यीस्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, सतराव्या शतकाच्या सुमाराला माणसाळलं असावं, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटिश यीस्टची शाखा बेल्जियन-जर्मनांपासून वेगळी निघते, आणि अमेरिकन यीस्ट ब्रिटिशांच्या जवळचं. माणसाळताना काय काय गेलं तेही त्यात दिसतं. लवंगेसारखा वास आणणारी जनुकं बहुतेकांची निकामी झाली आहेत, आणि बऱ्याच जातींना आता बीजाणूही धड करता येत नाहीत. रानात सोडलं तर त्यांचं काही खरं नाही.

या सगळ्यात दोन माणसांनी शिस्त आणली. पाश्चर 1871 मध्ये लंडनला चिझवेल स्ट्रीटच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला, त्यांच्या यीस्टचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात नको ती मंडळी आहेत हे त्यांना दाखवलं. व्हिटब्रेडने लगोलग सूक्ष्मदर्शक विकत घेतला. बारा वर्षांनी, 1883 मध्ये, कोपनहेगनच्या कार्लसबर्गमध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरला लावलं. भाच्याच्या फ्रीजमधली पुडी ही त्या 1883 ची नात. गंमत म्हणजे इंग्लिश ब्रुअर या शुद्धतेला फारसे भुलले नाहीत. पुष्कळांनी आपलं दोन-तीन जातींचं मिश्र यीस्टच पुढे चालवलं, कारण एकट्याने केलेल्या एलला त्यांची ती ओळखीची चव येईना. तात्यांनी मान डोलावली असती.

यॉर्कशायरमध्ये तर यीस्ट इतकं लवकर खाली बसणारं की त्याला उठवावं लागतं. लीड्सपासून जवळ टॅडकास्टरला सॅम्युअल स्मिथची ब्रुअरी अजून पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद वापरते. खालचं पेय पंपाने वर चढवून यीस्टवर सोडायचं आणि पुन्हा खाली आणायचं. बर्टनमध्ये पिंपांची रांग जोडून यीस्ट वर उसळू द्यायची जी पद्धत होती ती मार्स्टन्सने 2024 मध्ये बंद केली. त्यातला एक संच डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने उचलून नेला आणि चालू ठेवला. भांडी बदलली की चव बदलते हे त्यांना पटलेलं आहे. आपल्याकडे मातीच्या मडक्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन आला तेव्हा कुणी हळहळलं नाही, म्हणजे निदान लेखी तरी नाही.

आणखी एक गोष्ट मला या दोन देशांत सारखी सापडली, ती पावाची. तयार यीस्टच्या वड्या निघण्यापूर्वी इंग्लंडातला पाववाला एलवरचा फेस आणून कणीक फुगवायचा. गोव्यातल्या पाववाल्याने, पोदेराने, तेच केलं, फक्त शेजारी ब्रुअरीच्या ऐवजी माड होता. माडावर चढणाऱ्या रेंदेराकडची सूर, म्हणजे आपली माडीच, पिठात पडायची. सान्नांना अजूनही काही घरांत ती लागते. आमच्या घरी आंबोळीचं पीठ मेच्या उकाड्यात रात्रीत भांड्याबाहेर येतं, तेव्हा त्यात कोण कामाला लागलंय हे मी नाश्त्याच्या वेळी सांगू लागतो आणि ही मला गप्प करते.

नॉरिचला इंग्रजांचा यीस्टचा राष्ट्रीय संग्रह आहे. ब्रुअऱ्या आपलं यीस्ट तिथे जपायला ठेवतात; उद्या आग लागली, पूर आला, हौदात काही भलतं शिरलं, तर तिथून परत आणता येतं. आपल्याकडेही आहे की! पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. कॉलेजसाठी मी तिथून यीस्ट मागवत असे. काचेच्या नळीत तिरक्या अगारवर साईच्या रंगाचा एक ओघळ, वर कापसाचा बोळा, चिकटपट्टीवर क्रमांक. पण माडी अशी एका नळीत मावणारी नाही. तिच्यातून यीस्ट वेगळं काढलं तर ते नुसतं एक यीस्ट होतं. तात्यांची माडी म्हणजे ते यीस्ट, ते जिवाणू, बाणवली माडाचा रस, खाऱ्या वाऱ्यातला दमटपणा, आणि विसळायचा आळस, हे सगळं मिळून. तात्या गेले, त्यांच्या मुलाने माडावर चढणं सोडलं, आणि ते मडकं बहुधा तुळशीजवळ पाणी घालायला गेलं.

मला कुणी विचारतं, मग तुम्हीच का नाही करत घरी एल? एक तर कायदा. इंग्लंडात घरी बिअर करायला लागणारा परवाना 1963 मध्ये रद्द झाला आणि तिथे घरोघर बादल्या आल्या. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय घरात दारू गाळणंच काय, आंबवणंही गुन्हा. कायद्याने पाहिलं तर पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. माडी काढण्यावर तर 1878 च्या अबकारी कायद्यापासून सरकारचा डोळा आहे. झाड आपलं, चढणारा आपला, आणि काप घ्यायला परवानगी सरकारची. पुण्यात 2009 मध्ये डूलाली नावाची सूक्ष्म ब्रुअरी निघाली, तीही परवान्यानेच. माझ्यासारख्या पेन्शनराने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरं कारण हवा. 18 अंशांवर रमणारं हे यीस्ट रत्नागिरीत मेमध्ये आणलं तर रात्रीसुद्धा पंचविसाच्या खाली उतरायचं नाही. मग ते भराभर खातं, घाईत केळ्याचा आणि नेलपॉलिशचा वास सोडतं, वर डोकं धरणारी जड अल्कोहोलं करतं. फ्रीज लावून थंड ठेवता येईल. पण माडी जिथे तीस अंशांत आनंदाने होते तिथे इंग्लंडच्या यीस्टला फ्रीजमध्ये बसवून एल मागायची, हे मला जरा केविलवाणं वाटतं. ज्याचं त्याचं हवामान.

तर भाच्याला मी काय सांगितलं? त्याच्या यादीत चार होती. फुलर्सचं, जे लगेच बसतं. वायईस्टचं 1318, लंडनचंच म्हणवणारं, पण फळांचा वास देणारं. रिंगवूड, 1187, जे सांभाळायला खट्याळ. आणि 1469, वेस्ट यॉर्कशायर, जे कीथलीच्या टिमथी टेलर ब्रुअरीचं म्हणून ओळखलं जातं. मी म्हटलं, तू लीड्सला राहतोस, कीथली तुझ्या अंगणात, तिथलंच घे. तुझ्या नळाचं पाणी, तुझ्या स्वयंपाकघराचा गारवा, यातलं काहीच त्याला नवखं नसेल. वेगळं काही हवं असलं तर पुढच्या वेळी घे.

एक ताकीद मात्र दिली. लवकर खाली बसणाऱ्या यीस्टला एक खोड असते. आंबताना त्याच्यातून एक द्रव्य बाहेर पडतं, त्याचं डायअ‍ॅसिटिल होतं आणि एलला लोण्याचा वास येतो. यीस्ट जागं असलं तर शेवटी ते स्वतःच हा वास आवरून घेतं. साखर संपली म्हणून घाईने तळाला गेलं तर वास तसाच राहतो. म्हणून शेवटी दोन-तीन दिवस बादली जरा उबेला ठेव, रोज हळूच हलवून यीस्ट वर आण, आणि चव घेतल्याशिवाय बाटल्या भरू नकोस. तो हे सगळं लिहून घेत होता. फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "लोण्याचा वास येतोय तर वाईट काय त्यात? कढव म्हणावं, तूप होईल."